भिक्षा, भीक आणि कायदा

आपल्या भाषेत भिक्षा निराळी आणि भीक निराळी. मुंजीतला बटू पहिली भिक्षा आईपाशी मागतो. माधुकरीवर शिकलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या. त्यांना कोणी भिकारी म्हटले नाही. पहाटे मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव तर पसाभर धान्य घेऊन ते कोणकोणत्या देवाला पावले हे नावानिशी सांगे. घेणाराच पावती देई म्हणा ना!

हा भेद १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याला ठाऊक नाही. गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून वा किरकोळ वस्तू विकण्याच्या मिषाने सार्वजनिक जागी मागणे ही भीकच. मागण्यासाठी कोणाच्या खाजगी आवारात शिरणे, तेही त्यातच. वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाला, कुडमुडे जोशी सारे एका ओळीत आले. याहून विलक्षण कलम पुढे आहे. ज्याच्यापाशी उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि जो भिकेवर जगत असावा असे वाटावे अशा रीतीने हिंडतो, त्याने हात पसरला नसला तरी तो भिकारीच. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात स्थानबद्धता. वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत.

‘दृश्य साधन’ हा शब्दप्रयोग आपल्या मातीतला नव्हे. नेपोलियनशी झालेली युद्धे संपल्यावर पलटणीतून सुटलेले शिपाई आणि खलाशी इंग्लंडच्या रस्त्यांवर भटकू लागले, त्या काळातल्या १८२४ च्या तिकडच्या कायद्यात तो आढळतो. पुढे हिंदुस्थानात १८७४ साली तो आला, आणि गंमत पाहा, तो गोऱ्यांसाठी! त्या कायद्याचा भटक्या म्हणजे युरोपीय वंशाचाच माणूस. राज्यकर्त्या जातीतला इसम नेटिवापुढे हात पसरतो, हे साहेबाच्या इभ्रतीला कसे परवडावे? अशांना सरकारी कामघरात ठेवीत, नाहीतर जहाजाने विलायतेला रवाना करीत.

साहेबाला निदान परत जायला देश होता. वासुदेवाला कोणत्या जहाजात बसवायचे? त्याची झोळी आणि चिपळ्या हे उपजीविकेचे साधन नव्हे, असे ठरवणाऱ्याच्या दारी तो कधी गेलाच नसावा.

मुंबईचा हा कायदा दिल्लीलाही लागू केला होता. तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, भीक मागण्यास गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता. कायदा जिथे जन्मला, त्या मुंबईत त्या निकालाने एक अक्षरही खोडले गेले नाही.