दोन उन्हाळ्यांचा संघ

परवा नातवाने नवे स्केट्स दाखवले. आमच्या वेळी चाकं दोन-दोनच्या जोडीने असायची, याची चारही एका ओळीत. या एका ओळीतल्या चाकांनी १९९०च्या दशकात अमेरिकेला वेड लावलं होतं. त्या वेडापोटी एक अख्खी व्यावसायिक लीग जन्मली आणि मेलीसुद्धा. तिच्यातल्या बफेलो शहराच्या संघाची गोष्ट मला फार आवडते. संघाचं नाव ‘स्टॅम्पीड’, म्हणजे बिथरलेल्या जनावरांची धावपळ!

लीग होती ‘रोलर हॉकी इंटरनॅशनल’, सुरुवात १९९३. तिच्या संस्थापकांपैकी डेनिस मर्फी हा मोठा खटपट्या माणूस. बास्केटबॉलची एबीए आणि बर्फावरच्या हॉकीची डब्ल्यूएचए या बंडखोर लीगही त्याच्याच खटपटीतून निघालेल्या. या वेळचा हिशेब सोपा होता. आइस हॉकीची स्टेडियमं उन्हाळ्यात रिकामी असतात. तिथे बर्फाऐवजी प्लास्टिकच्या फरशा टाकायच्या, सहाऐवजी गोलकीपर धरून पाचच खेळाडू उतरवायचे, म्हणजे जागा मोकळी आणि गोल भरपूर.

बफेलोच्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये तर गरमीत बर्फ म्हणजे संकटच. मे १९७५मध्ये स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेतल्या एका सामन्यात उकाड्यामुळे बर्फावर धुकं साचलं. ते घालवायला खेळाडूंनाच मैदानात घिरट्या घालायला लावलं! ती मालिका बफेलोचा सेबर्स संघ हरला.

हरणं हे त्या शहराच्या जणू पाचवीलाच पुजलेलं. त्यांचा फुटबॉल संघ ‘बिल्स’ १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं सुपर बोलच्या अंतिम सामन्यात गेला आणि चारही वेळा हरला. पहिल्यांदा तर २०-१९, फक्त एका गुणाने. अशी माणसं पुन्हा तिकीट काढून मैदानावर जातात, याचंच मला कौतुक वाटतं.

चौथा पराभव जानेवारी १९९४चा. आणि त्याच उन्हाळ्यात या नवख्या स्टॅम्पीडने पहिल्याच हंगामात पोर्टलंडच्या ‘रेज’ संघाला हरवून मर्फी कप जिंकला! (लॅक्रोस या खेळात बफेलोने १९९२ आणि १९९३ला विजेतेपद मिळवलं होतं, हेही सांगायला हवं. पण मोठ्या खेळांपुढे त्याला कोण विचारतो?)

पुढे काय? १९९५चा हंगाम खेळून संघ बंद. लीगने पहिल्या वर्षीच्या १२ संघांचे दुसऱ्या वर्षी २४ केले होते. माझ्या मते ही घाईच नडली. १९९८ला हंगामच झाला नाही आणि १९९९नंतर लीगही संपली.

मर्फीच्या आधीच्या लीगही बुडाल्याच. पण एबीएचे चार संघ १९७६ला एनबीएने घेतले आणि डब्ल्यूएचएचे चार १९७९ला एनएचएलने. त्यामुळे त्यांचं नाव मागे राहिलं. चाकांच्या हॉकीला असं दत्तक घेणारं मोठं घरच नव्हतं. वर्गात इतिहास शिकवताना दोन-चार वर्षं टिकलेल्या राजवटी मीही एका वाक्यात उरकायचो. आता त्याची थोडी लाज वाटते.

असो. सेबर्स १९९६ला ऑडिटोरियम सोडून नव्या जागी गेले. २००९मध्ये ती इमारत पाडली.