गळलेल्या मृगशिंगांचा श्वानांसाठी वापर

सारंग कुळातील प्राण्यांची (एल्क, मूस, सांबर, चितळ इ.) नैसर्गिकरीत्या गळून पडलेली शिंगे पाळीव कुत्र्यांना चघळण्यासाठी दिली जातात. उत्तर अमेरिका व युरोपात अशी शिंगे कापून विकण्याचा व्यवसाय रूढ आहे. भारतात स्थानिक हरणांच्या शिंगांचा व्यापार बेकायदा आहे.

स्वरूप

गाय, म्हैस किंवा काळवीट यांच्या शिंगावर केराटिनचे आवरण असते व ते आयुष्यभर टिकते. सारंगांचे शिंग मात्र हाडाचे असून सामान्यतः दरवर्षी गळते व पुन्हा उगवते. रेनडियर वगळता माद्यांना शिंगे नसतात.

दातांवरील परिणाम

शिंग सावकाश झिजते व त्याला फारसा वास येत नाही, म्हणून ते लोकप्रिय झाले. तथापि त्याच्या कठीणपणामुळे कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील चौथ्या उपदाढेचा कपचा उडू शकतो. दंतमज्जा उघडी पडल्यास जंतुसंसर्ग होतो व अनेकदा दाढ काढावी लागते. नखाने दाबल्यावर खूण न उमटणारी वस्तू चघळण्यास देऊ नये, असा निकष पशुवैद्य सांगतात.

महाराष्ट्रातील स्थिती

कोकण व सह्याद्रीच्या जंगलांत सांबर आणि भेकर आढळतात. सांबरशिंग उगाळून लेप लावण्याची घरगुती प्रथा जुनी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘ट्रॉफी’ या संज्ञेत शिंगांचाही समावेश होतो. त्यामुळे प्राण्याला न मारता मिळालेले शिंगही परवानगीशिवाय बाळगल्यास किंवा विकल्यास कारवाई होऊ शकते. जंगलात पडलेली शिंगे साळिंदरासारखे कृंतक प्राणी कुरतडतात. त्यांतून त्यांना कॅल्शियम व फॉस्फरस मिळते.