नंदनार: कापणी कोणाची, सण कोणाचा?

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. चोखोबा आणि रविदास आपल्याला ठाऊक आहेत. पण नंदनार कोण, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

नंदनार हे तमिळ देशातील अस्पृश्य शैव संत. १२ व्या शतकात सेक्किळार यांनी 'पेरियपुराणम्'मध्ये त्यांचे चरित्र सांगितले. आदनूर गावचे नंदनार देवळातील वाद्यांसाठी कातडे पुरवीत. त्यांना चिदंबरमची ओढ होती, पण जातीमुळे पाऊल अडायचे. मग 'उद्या जाईन' म्हणत दिवस ढकलायचे. अखेर ते अग्नीतून गेले, जानवे घातलेल्या ब्राह्मण मुनीच्या रूपात बाहेर आले आणि मगच मंदिरात शिरले. म्हणजे देव भेटला, पण अस्पृश्याचा देह जाळल्यावरच!

१९ व्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी ही कथा गेय रूपात रचली आणि त्यात एक नवे पात्र आणले: नंदनारांचा ब्राह्मण जमीनदार. त्याची अट अशी की, आधी चाळीस वेली रानाचे काम उरक, मग चिदंबरमला जा. चाळीस वेली म्हणजे अडीचशेहून अधिक एकर! देवकृपेने ते काम एका रात्रीत होते. भाविक त्या चमत्काराला हात जोडतात. आपण त्या अटीकडे पाहिले पाहिजे. हा जमीनदार आकाशातून पडलेला नाही. तंजावरची भातशेती 'पण्णैयाळ' म्हणवल्या जाणाऱ्या बांधील मजुरांच्या घामावर उभी होती आणि त्यांत अस्पृश्यच बहुसंख्य होते. त्यांच्या संरक्षणासाठी कायदा यायला १९५२ साल उजाडले.

आपल्या संक्रांतीच्या सुमारास तिकडे पोंगल असतो. नव्या तांदळाचा भात उतू जातो, बैलांची शिंगे रंगवली जातात. बैलाला मान मिळतो. मग कापणी करणाऱ्याला काय मिळते?

त्याचे उत्तर तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेण्मणी गावात आहे. पोंगल तीन आठवड्यांवर असताना, २५ डिसेंबर १९६८ रोजी, मजुरीत वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. एका झोपडीत आसरा घेतलेले ४४ जण जिवंत जाळले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले.

या आगीतून कोणी मुनी होऊन बाहेर आले नाही. म्हणून नंदनारांची आठवण काढताना अग्निशुद्धीची आरती नको. चाळीस वेलींची मजुरी कोणी बुडवली, हा प्रश्न विचारा. तोच प्रश्न आपल्याकडच्या खळ्यावरही विचारायचा आहे.