रोहिण्यांचा ताठरपणा व हृदयाचे श्रम

रक्त शरीरांत फिरत असतें हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं सिद्ध केलें, एवढें शाळेंतील पुस्तकांमुळें पुष्कळांस ठाऊक असतें. हृदय म्हणजे पंप आणि रोहिण्या म्हणजे त्याला जोडलेल्या नळ्या, असें एक चित्र तेव्हांपासून मनांत बसून जातें. श्रोतेहो, हें चित्र अर्धेंच खरें आहे. रोहिणी ही लोखंडी नळी नव्हे. ती हृदयाच्या कामांत भागीदार आहे, आणि ती ताठर झाली म्हणजे तिच्या वांट्याचें काम हृदयावर येऊन पडतें. हें ज्ञान कसें मिळालें, व मिळाल्यावर कसें बाजूस पडलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

स्टीफन हेल्स हा इंग्लंडांतील टेडिंग्टन गांवचा पाद्री. त्यानें घोडीच्या रोहिणींत काचेची नळी बसविली, तेव्हां रक्त त्या नळींत ८ फुटांहून वर चढलें. १७३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें रोहिण्यांस आगीच्या बंबाची उपमा दिली. जुन्या हातबंबाचा दांडा वरखालीं होई, तरी पाण्याची धार तुटत नसे. कारण त्यांत हवेची एक बंद कोठी असे. दांडा दाबला कीं पाणी कोठींतील हवेला दाबी, आणि दांडा वर जात असतां तीच हवा पाण्याला पुढें रेटी. महारोहिणीहि हेंच करते. हृदयाची डावी जवनिका आकुंचन पावली कीं ती फुगते व आलेल्या रक्तापैकीं जवळजवळ निम्में सांठवून ठेवते. हृदय विसावा घेत असतां ती मिटते व तें रक्त पुढें ढकलते. एका पाद्रीबुवांस ही उपमा सुचावी याचें मला अजून कौतुक वाटतें. ऑटो फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानें १८९९ सालीं तिला गणिताचें रूप दिलें.

आतां ही कोठीच ताठर झाली तर? वयोमानानें रोहिणीच्या भिंतींतील लवचिक तंतू झिजतात, तुटतात. त्यांच्या जागीं चिवट तंतू येतात, कधीं चुनाहि सांचतो. मग प्रत्येक ठोक्याला वरचा दाब चढतो, आणि विसाव्यांत मागून रेटणारें कोणी नसल्यामुळें खालचा दाब उतरतो. शिवाय नाडीची लाट, जी तरुणपणीं सेकंदास ५-६ मीटर धांवते, ती दुपटीनें धांवूं लागते. दूरच्या शाखांवर आदळून परतणारा तिचा हेलकावा, महारोहिणीची झडप अजून उघडी असतांनाच येऊन पोंचतो. त्याला रेटून हृदयास रक्त बाहेर टाकावें लागतें. या श्रमांनीं जवनिकेची भिंत जाड होते. जाड भिंत नीट सैल पडत नाहीं, आणि हृदय भरतांनाच अडतें. जिना चढतांना लागणारा दम पुष्कळदां यांतलाच असतो. त्यांत आणखी असें, कीं हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतें तें मुख्यतः विसाव्याच्या वेळीं, आणि नेमका तेव्हांचाच दाब उतरलेला! काम वाढलें आणि शिधा घटला.

हें सारें नाडीच्या रेषेंत वाचतां येतें हें ज्यानें ओळखलें, त्याचें नांव फ्रेडरिक अकबर महंमद. पाटण्यास जन्मून इंग्लंडांत स्थायिक झालेल्या शेख दीन महंमद यांचा हा नातू. जन्म १८४९ चा. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाचें नाडीचा ठोका कागदावर उमटविणारें यंत्र होतें. महंमदानें लंडनच्या गायज् हॉस्पिटलांत विद्यार्थी असतांनाच त्यांत सुधारणा केली. मूत्रपिंड निरोगी असूनहि दाब चढलेला असूं शकतो, आणि वृद्ध रोहिणीची रेषा तरुण रोहिणीहून निराळी असते, हें त्यानें दाखविलें. १८८४ सालीं, अवघ्या ३५ व्या वर्षीं, तो विषमज्वरानें गेला.

पुढें १८९६ सालीं इटलींत रीवा-रोची यानें दंडावर बांधावयाची पट्टी काढली. आंकडा सोपा, रेषा अवघड. रेषा मागें पडली. वृद्धांचा वरचा दाब चढणें स्वाभाविकच, म्हणून त्याकडे दीर्घकाळ काणाडोळा झाला. अमेरिकेंत ६० वर्षांवरील ४,७३६ माणसांवर केलेल्या पाहणीचा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां डोळे उघडले. या माणसांचा वरचा दाब १६० किंवा अधिक, पण खालचा ९० च्या आंत होता. औषध दिलेल्यांत मेंदूचे झटके तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटले. हृदय निकामी होण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें.

नाडीची लाट आतां डॉक्टर पुन्हां मोजूं लागले आहेत. मान व जांघ येथें ठोका टिपावयाचा, मधल्या अंतरास लागलेल्या वेळानें भागावयाचें. मॅट्रिकच्या मुलालाहि जमावें असें तें गणित आहे.