सूर्यफूल बियाणे : पेरणीसाठीची राखण व प्रादेशिक कल

पिकाच्या उत्पादनातून खाण्या-विकण्याआधी पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढलेला हिस्सा म्हणजे राखीव बियाणे. अन्न व कृषी संघटना देशोदेशींच्या अन्नताळेबंदात त्याचा वेगळा रकाना ठेवते. सूर्यफुलाचा हा हिस्सा अगदी लहान असतो. सुधारित वाणाला हेक्टरी ८ ते १० किलो आणि संकरित वाणाला ५ ते ६ किलो बियाणे पुरते. उत्पादन हेक्टरी ७-८ क्विंटल धरले तरी राखण एक टक्क्याच्या आसपास भरते. सोयाबीनला हेक्टरी ६५ ते ७५ किलो लागते, भुईमुगाला त्याहून जास्त. हिशेबाने पाहिले तर घरी राखायला सर्वांत सोपे बियाणे सूर्यफुलाचेच ठरावे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात घरच्या राखणीतून सर्वांत आधी सुटलेल्या गळीत बियाण्यांपैकी ते एक आहे.

भारतात तेलासाठी या पिकाची लागवड १९६९ नंतर सुरू झाली ती सोव्हिएत संघातून आणलेल्या पेरेडोविक, अर्माविर्स्की यांसारख्या वाणांवर. पुढे बुटका, लवकर येणारा मॉर्डेन पसरला. हे सारे मुक्त परागीकरणाचे वाण होते. चांगली फुले निवडून बी ठेवता येत असे. १९८० मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने बीएसएच-१ हा देशातला सूर्यफुलाचा पहिला संकरित वाण दिला. त्यामागे फ्रान्समध्ये लेक्लर्क यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस शोधलेली नरवंध्यता (झाडात पराग तयार न होण्याचा गुण) होती. बीएसएच-१ नंतर चारच वर्षांनी, १९८४ च्या सुमारास, लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) पट्ट्यात मॉर्डेनवर केवडा रोग आला. केवड्याला दाद न देणारा संकरित वाण हाताशी असल्यामुळे शेतकरी तिकडे वळला. हे वळण रोगाने आणले, केवळ जाहिरातीने नव्हे. बियाण्याच्या परावलंबनाविषयी बोलताना ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

घरचे बी न टिकण्याची कारणे पिकाच्या स्वभावातही आहेत. सूर्यफुलाचे परागीकरण मधमाश्यांमार्फत होते, त्यामुळे शेजारच्या शेतातला पराग सहज येतो. संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले तर झाडे उंच-बुटकी निघतात आणि फुलोरा मागेपुढे होतो. दाण्यात ३५ ते ४० टक्के तेल असल्याने दमट हवेत उगवण झपाट्याने घटते. शिवाय काढणीनंतर सुमारे दीड महिना दाणा सुप्त राहतो. त्यामुळे सप्टेंबरात काढलेले खरिपाचे बी ऑक्टोबरच्या रब्बी पेरणीला प्रक्रिया केल्याशिवाय उपयोगी पडत नाही. शेतकऱ्याने किमान गेल्या हंगामाचे बी सांभाळलेले असावे लागते, आणि तेही पावसाळ्यातून.

म्हणून संकरित बी दरवर्षी नव्याने तयार करावे लागते, आणि हे बीजोत्पादन कष्टाचे काम आहे. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये साधारणतः मादीच्या तीन ओळींमागे नराची एक ओळ असते आणि आजूबाजूला ४०० मीटरपर्यंत दुसरे सूर्यफूल चालत नाही. फुलोऱ्याच्या काळात सकाळी दव उतरल्यावर बाया हाताला मलमलीचे कापड गुंडाळून आधी नर फुलावरून आणि मग मादी फुलावरून हळुवार फिरवतात. असे दिवसाआड आठ-दहा दिवस चालते. एवढे न केल्यास फुलाच्या मध्यभागी पोचट दाणे राहतात. फुलाची मागची बाजू लिंबासारखी पिवळी झाली की काढणी होते. मळणीत काठी जोरात बसली तर टरफलाला चीर जाते आणि तोच दाणा गोणीत आधी मरतो. प्रमाणित बियाण्याला ७० टक्के उगवण आणि ९ टक्क्यांच्या आत ओलावा लागतो.

महाराष्ट्रात या पिकाचा गड लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर हा होता. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचा एलएस-११, सोलापूरचे एसएस-५६ व भानू आणि अकोल्याचा पीकेव्हीएसएफ-९ हे राखून पेरता येणारे वाण इथल्याच संशोधनातून आले. १९८६ च्या तेलबिया अभियानाने पिकाला बळ दिले आणि १९९३-९४ मध्ये देशातले क्षेत्र २७ लाख हेक्टरांच्या जवळ पोहोचले. पुढे आयात तेल स्वस्त झाले, १९९७ पासून दक्षिणेत नेक्रोसिस या विषाणूजन्य रोगाचा त्रास वाढला आणि मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन शिरले. आता देशातले क्षेत्र तीन लाख हेक्टरांच्याही खाली आहे. हेक्टरी ५ किलो धरल्यास बियाण्याची गरज साडेतेरा हजार टनांवरून दीड हजार टनांच्या आत आली. बाजार इतका आकसला की बियाणे तयार करणाऱ्यालाही ते परवडेना. यात भरडला जातो तो थोड्या क्षेत्रावर पेरू पाहणारा शेतकरी. त्याला वेळेवर मनाजोगता वाण मिळत नाही.

पूर्व विदर्भाची गोष्ट निराळी आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे गाव धानाच्या मुलखातले. या भागात सूर्यफूल हे मुख्य पीक कधीच नव्हते. इथली बिजाईची रीत धानाभोवती वाढली: पऱ्हे (रोपे) टाकायचे, रोवणी करायची आणि निवडलेल्या बांधीतले धान वेगळे झोडून पुढच्या सालासाठी ठेवायचे. धानाचे परागीकरण आपल्याच फुलात होत असल्याने असे बी वर्षानुवर्षे चालते. गळिताची गरज जवसाने भागवली. उभ्या धानात, कापणीच्या आधी ओलीवर फेकलेला उतेऱ्याचा जवस आणि त्याच्याच जोडीचे कडधान्य, लाखोळी. जवसही स्वपरागित आहे, म्हणून त्याचे बीही घरातच राहिले.

अशा भागात सूर्यफुलाला जागा असेल तर ती उन्हाळ्यात आहे. उन्हाळी धानापेक्षा त्याला पाणी कितीतरी कमी लागते आणि चांदपूर तलाव, बावनथडी प्रकल्प यांच्या पाण्याचा विचार करणाऱ्या तालुक्यात हा मुद्दा हलका नाही. अडचणीही खऱ्या आहेत. धानाच्या जड जमिनीत निचरा नसेल तर रोप पिवळे पडते. गावात एकाच्याच शेतात सूर्यफूल असेल तर पोपट तिथेच उतरतात. दाणा भरण्याच्या वेळी पाखरांपासून राखण नसली तर हाती फारसे लागत नाही. मात्र आसपास दुसरे सूर्यफूल नसणे हीच गोष्ट बीजोत्पादनाला अनुकूल आहे. लातूरला विलगीकरणाचे अंतर शोधावे लागत असे. धानपट्ट्यात ते आपोआप मिळते. मुक्त परागीकरणाच्या वाणाचा गटाने घेतलेला प्लॉट येथे तपासून पाहण्याजोगा आहे.

कायद्याने शेतकऱ्याचा हात मोकळा आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मधील कलम ३९ त्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क देते; फक्त संरक्षित वाणाचे बी शिक्का मारून विकता येत नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे राखावे म्हणून कृषी विभाग गावोगाव उगवण चाचणीची मोहीम घेतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवलेले मोजण्याची तीच साधी चाचणी सूर्यफुलालाही लागू पडते, दाण्याची सुप्तावस्था संपलेली असली म्हणजे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल अभियानात सूर्यफुलाचा समावेश आहे आणि २०२५-२६ साठी त्याचा हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये जाहीर झाला. भाव जाहीर होण्याइतकेच पेरणीच्या पंधरवड्यात राखता येईल असे बी गावात असणे महत्त्वाचे आहे. कृषी विद्यापीठांनी आणि महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाने संकरित वाणांच्या जोडीला मुक्त परागीकरणाच्या वाणांचे पायाभूत बियाणे दरवर्षी, थोडे का होईना, तयार ठेवले पाहिजे.