चुन्याची निवळी आणि आपोआप विणली जाणारी जाळी

आग्र्याचा पेठा करताना कोहळ्याच्या फोडी आधी चुन्याच्या निवळीत भिजत घालतात. मुलांनी कारण विचारले की आपण "फोडी कडक राहतात" एवढेच सांगतो. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

कोहळ्यात पेक्टिन असते. पेक्टिन म्हणजे शर्करेच्या कणांची लांबलचक साखळी, अर्थात पॉलिमर. तिच्यावर जागोजागी ऋण विद्युतभार असतो. निवळीतल्या कॅल्शियमवर दुप्पट धनभार असल्याने तो दोन साखळ्यांना एकदम धरतो. एक जोड झाली की शेजारची सोपी जाते, आणि साखळ्या झिपसारख्या मिटत जातात. साचा नाही, विणकर नाही, तरी जाळी तयार!

समुद्रशेवाळातले अल्जिनेट हे पेक्टिनचे जवळचे भावंड. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. त्याची जाळी कशी बनते याचे चित्र १९७३ मध्ये ग्रँट, मॉरिस, रीस आदी संशोधकांनी मांडले. नागमोडी साखळ्यांच्या खळग्यांत कॅल्शियम बसतो, खोक्यात अंडी बसावीत तसा, आणि ऑक्सिजनचे अणू त्याला चहूबाजूंनी धरतात. अशा पकडीला कोऑर्डिनेशन म्हणतात. ही पकड सुटूही शकते. सोडियम सायट्रेटने कॅल्शियम काढून घेतला की जेली पुन्हा पातळ होते.

या जोडणीला ना उष्णता लागते ना डिंक, त्यामुळे आत जिवंत पेशी ठेवता येतात. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीसमूहांना अल्जिनेटच्या मण्यांत ठेवले आणि वर धनभारित पॉलिलायसिनचा थर दिला. तो थरही केवळ विद्युत आकर्षणानेच चिकटतो. त्यातून साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येते, पण शरीराच्या संरक्षक पेशींना शिरकाव नसतो. मधुमेही उंदरांची साखर दोन-तीन आठवडे आटोक्यात राहिली. मधुमेह आपल्या कितीतरी घरांत आहे, म्हणून हा प्रयोग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. मात्र मण्यांभोवती शरीर तंतूंचे कवच चढवते आणि आतल्या पेशी गुदमरतात. ही अडचण पुरती सुटलेली नाही व हा नेहमीचा उपचार झालेला नाही. तेव्हा कृपया कोणी इन्सुलिन थांबवू नये!

घरी पाहायचे असल्यास १०० मिली पाण्यात १ ग्रॅम खाण्याचे सोडियम अल्जिनेट घोटून काही तास ठेवा. मग त्याचे थेंब कॅल्शियम लॅक्टेटच्या पाण्यात सोडा. लगेच मोती होतात. आमरस किंवा लिंबूपाणी वापरू नका. आंबटपणाने अल्जिनेट आधीच गोठते.