कनिष्ठ हॉकी विश्वचषक : एकदाच उघडणारे दार

यवतमाळ, प्रतिनिधी : ऑलिंपिक किंवा वरिष्ठ गटाचा विश्वचषक हुकला, तर खेळाडूला चार वर्षांनी पुन्हा नशीब अजमावता येते. कनिष्ठ हॉकी विश्वचषकात मात्र ही मुभा नाही. २१ वर्षांखालील खेळाडूंची ही स्पर्धा वय उलटताच कायमची हातची जाते. बहुतेकांच्या वाट्याला ती एकदाच, फार तर दोनदा येते. त्यामुळे खेळाडू शाळकरी वयातच कोण घडवतो, याची खरी परीक्षा येथे होते. गेल्या साडेचार दशकांचा इतिहास हेच सांगतो.

प्रारंभ आणि जर्मन वर्चस्व

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची ही स्पर्धा १९७९ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे प्रथम झाली. पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला नमवून पहिला मान मिळवला. आशियाई हॉकीचा दबदबा तेव्हा ओसरू लागला होता. मैदानावरील गवताची जागा कृत्रिम हिरवळ घेत होती आणि खेळात वेग व शारीरिक क्षमता यांना महत्त्व येत होते. हा बदल युरोपने आधी ओळखला. क्वालालंपूर (१९८२), व्हँकुव्हर (१९८५), इपोह (१९८९) आणि तेरासा (१९९३) अशी सलग चार विजेतेपदे जर्मनीने पटकावली. त्यानंतर २००९, २०१३, २०२३ आणि २०२५ ची भर घालून या देशाने आपला आकडा आठवर नेला. पुरुष गटात आजवर झालेल्या १४ स्पर्धांपैकी निम्म्याहून अधिक जर्मनीने जिंकल्या आहेत. भारत आणि अर्जेंटिनाच्या नावावर प्रत्येकी दोन, तर पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलियाच्या नावावर प्रत्येकी एक विजेतेपद आहे.

सुरुवातीला तीन वर्षांनी होणारी ही स्पर्धा १९८५ नंतर चार वर्षांनी होऊ लागली. २०२१ पासून ती दर दोन वर्षांनी भरते. २०२५ मध्ये संघांची संख्याही १६ वरून २४ करण्यात आली.

भारताचे चढउतार

भारताने १९९७ मध्ये इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे प्रथम अंतिम फेरी गाठली. पण ऑस्ट्रेलियाने ३-२ ने बाजी मारली. चार वर्षांनी होबार्ट येथे गगन अजितसिंगच्या नेतृत्वाखालील संघाने ती कसर भरून काढली. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा ६-१ असा धुव्वा उडवून भारत प्रथमच कनिष्ठ जगज्जेता ठरला. दीपक ठाकूर, जुगराजसिंग, प्रभज्योतसिंग, अर्जुन हलप्पा ही नावे त्या संघाने घराघरांत पोहोचवली.

हे यश टिकले नाही. २००५ मध्ये रॉटरडॅमला भारत चौथा आला. २००९ मध्ये तो नवव्या स्थानी घसरला आणि २०१३ मध्ये नवी दिल्लीत घरच्या प्रेक्षकांसमोर दहावा आला. एका पिढीने जगज्जेतेपद मिळवले तरी पुढची पिढी आपोआप तयार होत नाही, हा धडा त्या दशकाने दिला.

१८ डिसेंबर २०१६ रोजी लखनौमध्ये चित्र पालटले. प्रशिक्षक हरेंद्रसिंग यांच्या मार्गदर्शनाखालील आणि हरजीतसिंगच्या नेतृत्वाखालील संघाने बेल्जियमला २-१ ने हरवून दुसऱ्यांदा चषक उंचावला. भारताचे दोन्ही गोल गुरजंतसिंग व सिमरनजीतसिंग यांचे होते. याच संघातील हरमनप्रीत, मनदीप, सिमरनजीत, गुरजंत, सुमित, वरुणकुमार आणि नीलकांत शर्मा हे २०२१ मध्ये टोकियोत खेळले. तेथे ४१ वर्षांनंतर भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळाले. जर्मनीविरुद्धच्या ५-४ अशा त्या कांस्यपदकाच्या विजयात सिमरनजीतचे दोन गोल होते. लखनौत पेरलेले टोकियोत उगवले, असे म्हणता येईल.

२०२१ मध्ये भुवनेश्वर आणि २०२३ मध्ये क्वालालंपूर येथे भारत चौथा राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नई व मदुराई येथे झालेल्या स्पर्धेत मात्र पी. आर. श्रीजेश यांच्या संघाने पदक खेचून आणले. कांस्यपदकाच्या सामन्यात ०-२ ने मागे पडल्यावर अखेरच्या सत्रात चार गोल करून भारताने अर्जेंटिनावर मात केली. अंतिम सामन्यात जर्मनीने स्पेनला शूटआउटमध्ये हरवले.

मुलींची वाटचाल

मुलींचा कनिष्ठ विश्वचषक १९८९ मध्ये ओटावा येथे सुरू झाला. यात नेदरलँड्सने २०२५ पर्यंत सहा विजेतेपदे मिळवली आहेत. भारताचे एकमेव पदक २०१३ चे आहे. जर्मनीतील मॉन्चेनग्लाडबाख येथे इंग्लंडला शूटआउटमध्ये नमवून सुशीला चानूच्या संघाने कांस्यपदक जिंकले आणि राणी रामपाल स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२२ मध्ये पोचेफस्ट्रूम येथे पुन्हा इंग्लंडच समोर होता. त्या वेळी मात्र शूटआउटमध्ये भारताचे कांस्यपदक निसटले.

पोचेफस्ट्रूमच्या त्या संघात सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या दोन मुली होत्या. शेतकरी भागातून आलेल्या या दोघींचा खेळ पुण्यातील राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. वैष्णवी पुढे हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या वरिष्ठ संघात होती. २०२३ च्या कनिष्ठ विश्वचषकात भारताचे उपकर्णधारपद महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळकडे होते.

घड्याळ आधीच सुरू होते

फलटणचे हे उदाहरण यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी मोलाचे आहे. मोठ्या शहरात जन्म होणे ही अट नाही. योग्य वयात हेरले जाणे आणि कृत्रिम हिरवळीवर नियमित सराव मिळणे, ही आहे. २१ व्या वर्षी संपणाऱ्या स्पर्धेची तयारी अठराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. ज्या मुलीच्या हाती बाराव्या-तेराव्या वर्षी हॉकी स्टिक येते, तिच्यापाशी जेमतेम आठ वर्षे असतात. निवड चाचणी तालुक्यापर्यंत पोहोचायला त्यातली तीन-चार वर्षे गेली, तर हे दार तिच्यासाठी उघडण्यापूर्वीच बंद झालेले असते.